मशीनच्या कपाळी भस्म

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं एक मोठं गोदाम आहे. वर पत्र्याचं छप्पर आणि त्यावर सोलापूरचं ऊन. म्हणजे आत काय होत असेल ते सांगायला नको. पण त्याच गोदामाच्या एका कोपऱ्यात काचेची खोली आहे आणि तिथे दिवसभर एसी चालतो. माणसांसाठी नव्हे. माणसं बाहेर घाम पुसत खोकी उचलतात. एसी आहे तो लेबलं छापणाऱ्या मशीनसाठी. ते उकाड्यानं रुसतं, धुळीनं रुसतं, कागदाचा रोल जरा तिरका बसला तरी रुसतं. त्याची मर्जी सांभाळायला महेश्वरीला नेमलंय. गोदामातले लोक म्हणतात, बाई नशिबाची. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

मशीन यायच्या आधी खोक्यांवर नावं घालायचं काम हातानं चालायचं. अक्षरं कापलेला पत्रा खोक्यावर ठेवायचा आणि वरून शाईचा ब्रश फिरवायचा. आठ-दहा बायका गोल करून बसायच्या. रत्नम्मा तेलुगूत कुणाची तरी नक्कल करायची, महेश्वरी कानडीत तिला टोला द्यायची, आणि ज्यांना दोन्ही भाषा येत नव्हत्या त्या सगळ्यात जास्त हसायच्या. मनगटापर्यंत हात काळे, पण दिवस कसा सरला ते कळायचं नाही.

मग परदेशातल्या गिऱ्हाइकांनी कळवलं की हाताचे छाप चालणार नाहीत. बारकोड पाहिजे. लेबल हातभर रुंद पाहिजे, अक्षर एवढं मोठं की फोर्कलिफ्टवाल्याला गोदामाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यावं. तसं छापणारं रुंद तोंडाचं मशीन आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं. बायकांची पांगापांग झाली, रत्नम्मासकट सगळ्या चिंचोळीच्या नव्या शेडमध्ये शिलाईला गेल्या. महेश्वरी तेवढी नववीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं लावून वाचू शकणारी. हाच तिचा गुन्हा. तिला मशीनजवळ ठेवलं.

त्या खोलीत करायचं काय असतं, तर फार काही नाही. वर ऑफिसात कुणीतरी संगणकावर बटण दाबतं आणि खाली मशीन आपोआप सुरू होतं. हॅम्बुर्ग, डर्बन, आणखी कुठली कुठली नावं घेऊन लेबलं बाहेर येतात. ती तिनं मोजून गठ्ठा करायची आणि खिडकीच्या फटीतून लोडरला द्यायची. लोडर विचारतो, झालं का? ती म्हणते, झालं. दिवसाचं बोलणं संपलं. काचेतून बाहेरची माणसं दिसतात, त्यांची तोंडं हलताना दिसतात, ऐकू मात्र काही येत नाही. जगात सगळीकडे जाणारी लेबलं छापणारी बाई शुक्रवार पेठेतून गोदामात आणि गोदामातून शुक्रवार पेठेत, एवढीच जायची.

घरीही तेच. नवरा निंगप्पा जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, खाली चहापत्तीचं दुकान. दुकानदार शटर ओढून घरी गेला की वर तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज ऐकू यायचा. एकदा तिनं धीर करून मॅनेजरला, बसवेशला, सांगून पाहिलं की मला चिंचोळीला पाठवा. बसवेश वयानं तिच्याहून बराच लहान, तिला अक्का म्हणायचा. तो हसला. एसी सोडून उन्हात कोण जातं, अक्का, म्हणाला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय. काही माणसांना दुसऱ्याचं दुःख सांगितलं तर आधी त्यातली सोय दिसते.

असं चाललं असताना खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं धरत नाहीत, त्यांची पूजा करतात. गोदामात त्या दिवशी सगळं बंद. फोर्कलिफ्टला झेंडूच्या माळा, वजनकाट्याला कुंकू, ट्रकच्या चाकाखाली लिंबू. महेश्वरीनंही आपली खोली झाडली, मशीन पुसलं, हार घातला. पण तिच्या माहेरची, वळसंगकडची, एक रीत होती. भस्म कुठेही फासायचं नाही. हत्याराचा जो भाग काम करतो, त्यालाच लावायचं. कोयत्याला मुठीवर नाही, पात्यावर. मागाला खांबावर नाही, धोट्यावर. राबतो त्याचा मान, असं तिची आई म्हणायची. आता या मशीनचा कुठला भाग राबतो? तिला पक्कं ठाऊक होतं. झाकणाखाली काचेसारखी गुळगुळीत, चिंचोळी पट्टी असते. ती तापते आणि तिच्या तापण्यानं अक्षरं उमटतात. तिनं झाकण उघडलं, विभूतीच्या गोळीवर तीन बोटं घासली आणि त्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे भक्तिभावानं ओढली. वर नारळ फोडला.

दसरा झाला, मशीन सुरू झालं, आणि पहिल्याच गठ्ठ्यातल्या सगळ्या लेबलांवर उभ्या पांढऱ्या रेघा. भस्माच्या बारीक कणांनी पट्टी खरवडली होती. बारकोडावरनं रेघा गेलेल्या, वाचायचं यंत्र वाचेना. बसवेशनं लेबल उजेडात धरलं आणि म्हणाला, मशीननंबी भस्म लावलं की काय. तो गमतीनं बोलला होता. महेश्वरीनं मात्र बोटं पदराला पुसली.

पुण्याच्या कंपनीला फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पृथ्वीराज आला. मोडनिंबचा पोरगा, घरची शेती, डिप्लोमा करून मशीन दुरुस्तीच्या नोकरीला लागलेला. पाठीवर हत्यारांची पिशवी आणि डोळ्यांत झोप. त्यानं झाकण उघडलं, पट्टीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि महेश्वरीच्या कपाळावरच्या भस्माकडे बघितलं. तिनं सगळं सांगून टाकलं. तो पोट धरून हसला.

"मावशी, मशीनचं कपाळ कुटं आसतंय ते तरी बघायचं. ह्ये त्याचं तोंड हाय. तुमी त्याला भस्म चारलं की."

आणि दुरुस्तीच्या कागदावर त्यानं कारण लिहिलं: धूळ. बसवेशला वर जाऊनही तेच सांगितलं. महेश्वरीनं काही मागितलं नव्हतं. त्यानं आपणहून तिला वाचवलं. तिच्याकरता कुणी काही केलं याला इतके दिवस झाले होते की तिला धन्यवाद द्यायचंही सुचलं नाही. तिनं डबा उघडला.

नवी पट्टी बसवून तिची जुळणी करायला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ तो खोलीत होता. दुपारी दोघं खोक्यावर समोरासमोर बसून जेवली. कडक भाकरी, शेंगाचटणी, पुंडीपल्ल्या, दही. अंबाडीच्या त्या आंबट भाजीला तो म्हणाला, आमच्यात असली करत न्हाईत, आणि सगळी संपवली. पुण्यात चार पोरं एका खोलीत राहतात, पण सगळ्यांच्या कानात बोंडं आणि हातात मोबाइल, असं त्यानं सांगितलं. मोडनिंबवरून गाडी जाते पण उतरायला मिळत नाही; आई स्टँडवर डबा घेऊन उभी राहते म्हणायची, मीच नको म्हणतो. मग त्यानं विचारलं, तुमी मगाशी फोनवर कुणाला काय म्हणालात, ते कानडी? ती म्हणाली, बहिणीला विचारलं, जेवलीस का. ऊटा आतेन. त्यानं ते तीन-चारदा म्हणून बघितलं. दर वेळी हेल चुकला. जाताना दारातून वळून म्हणाला, "ऊटा आतेन, मावशी?" आत्ताच तर समोर बसून जेवला होता. ती संध्याकाळपर्यंत मधूनमधून हसत होती. काचेबाहेरच्या लोडरनं बघितलं आणि त्याला वाटलं, बाईला एसी बाधला.

त्यानंतर ती वाट बघू लागली. मशीन बिघडायची. आता चांगलं मशीन बिघडावं म्हणून झुरणारी बाई तुम्हाला वेडी वाटेल, पण तुमच्या घरी संध्याकाळी कुणीतरी दार वाजवत असेल. तिच्याकडे फक्त हे मशीन होतं, आणि ते असलं गुणी की महिना झाला तरी शिंकेना. सकाळी ती एक भाकरी जास्तीची करायची आणि संध्याकाळी ती तशीच परत घेऊन जायची.

एका सकाळी ती पूजा करून घाईनं निघाली होती. बोटांना अजून भस्म होतं. रोल बदलायला तिनं झाकण उघडलं. कागदाच्या वाटेत एक बारीक डोळा असतो, दोन लेबलांमधली फट ओळखणारा. पृथ्वीराजनं तो तिला दाखवला होता, हे पुसत जा, मावशी, म्हणून बजावलं होतं. तिनं पुसला नाही. बोट त्यावरून फिरवलं. झाकण लावलं. मशीननं लाल दिवा लावला आणि कागद भरलेला असताना कागद संपला म्हणून ओरडू लागलं. पट्टीला तिनं हात लावला नव्हता हो. तेवढं भान होतं. आपल्या मनाशी ती म्हणाली, काही मोडलं तर न्हाय, नुसतं पुसायचं तर हाय. पाप करणारा माणूस पहिल्यांदा ते लहान करून घेतो, मग करतो.

पृथ्वीराज आला. डोळा पुसला, मशीन चालू झालं, त्यानं कागदावर लिहिलं: धूळ. मग जेवला. तिच्या भाकरीनं आई आठवते म्हणाला. ती रात्री लवकर झोपली आणि गाढ झोपली.

मग हे होत राहिलं. फार वेळा नाही, पण जेव्हा खोली अगदी अंगावर यायची तेव्हा तिचं बोट त्या डोळ्याकडे जायचं. तो यायचा. संक्रांतीच्या सुमाराला आला तेव्हा तिनं शेंगांच्या पोळ्या करून आणल्या होत्या. अशा पोळ्या कुणी सहज आणत नाही, आदल्या रात्री करून ठेवाव्या लागतात. म्हणजे मशीन उद्या बंद पडणार हे तिला आज माहीत होतं. त्या बिचाऱ्याला ते सुचलंही नाही. तुपात बुडवून खाल्ल्या आणि म्हणाला, मावशी, तुमच्या हितं यायचं म्हटलं की सकाळी उठायला कंटाळा येत न्हाय.

आपल्या सुखाचा भार दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर पडतोय, हे तिच्या लक्षात आलं नाही. ते बसवेशनं लक्षात आणून दिलं, आणि तेही जाता जाता. होळीच्या आधी एक मोठा कंटेनर निघायचा होता. नेमकं त्या दिवशी मशीन बंद. पृथ्वीराज येईपर्यंत लेबलं रखडली, कंटेनर बंदरावर उशिरा पोचला, जहाज गेलं. मालकांनी बसवेशला झापलं. बसवेश काचेच्या खोलीत आला आणि पाणी पीत पीत सांगू लागला की मी पुण्याला सरळ लिहिलंय, हा पोरगा आम्हाला नको. दर वेळी धूळ लिहितो. येतो, जेवतो, जातो, आणि पुन्हा तीच तक्रार. त्यांच्यात एकाच मशीनची तीच तक्रार परत परत आली की माणसाचं काम कच्चं धरतात. त्याचे साहेब स्वतः येणार आहेत सोमवारी, त्याला घेऊन. बहुतेक काढतीलच.

"अक्का, तुम्ही समोर असता की. तो काय करतो, काय नाही, तुम्हीच सांगा त्यांना," बसवेश म्हणाला आणि ग्लास ठेवून गेला.

महेश्वरी तशीच उभी राहिली. मशीन चालू होतं, लेबलं खाली पडत होती, आणि ती उचलत नव्हती.

रविवार तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. देवापुढं बसली पण विभूतीच्या गोळीला हात लावायचं धाडस होईना. मनात दोन्ही बाजूंनी बोलून बघितलं. गप्प बसलं तर काय? दुसरा कुणीतरी दुरुस्तीला येईल, त्यालाही जेवायला घालता येईल. हा विचार आला आणि तिची तिलाच शिसारी आली. आणि सांगितलं तर? बसवेश घरी बसवील. मग या दोन खोल्या, खालचं चहापत्तीचं दुकान आणि बांगड्यांचा आवाज, बस्स. शिवाय तो पोरगा आयुष्यात परत तोंड बघणार नाही. कुठूनही गेलं तरी तो जाणारच होता. राहिला प्रश्न एवढाच, की तो नोकरीसकट जाणार की नोकरीशिवाय.

सोमवारी काचेच्या खोलीत कधी नव्हे ती गर्दी झाली. पुण्याचे साहेब, बसवेश आणि पृथ्वीराज. पृथ्वीराजनं मशीनचं पोट उघडून स्क्रू टेबलावर ओळीनं मांडले होते. त्यानं आल्यावर तिला हाक मारली नाही, मान वर केली नाही. साहेब सगळं बघून चिडले होते, कारण बघण्यासारखं काही सापडत नव्हतं. मशीन ठणठणीत होतं.

बंद खोली, एसी चालू, बाहेरून येताना चपला काढायला लावतात. मग इथे दर वेळी धूळ येते कुठून, असं ते पृथ्वीराजला विचारू लागले. पृथ्वीराजनं फडकं उचललं. त्यांनी पुन्हा विचारलं. महेश्वरीला वाटलं, आता हा खंडेनवमीचं सांगेल. सांगितलं असतं तर त्याच्या अंगावरचं निम्मं ओझं उतरलं असतं. एक शब्द पुरेसा होता. तो हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला. साफसफाईत माझीच चूक झाली असंल, साहेब, म्हणाला.

तेव्हा तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली विभूतीची गोळी काढली आणि स्क्रूंच्या ओळीशेजारी ठेवली.

"धूळ न्हाय, साहेब. ही हाय. मीच लावत होते."

साहेबांना आधी कळलंच नाही. बसवेशला कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. साहेबांनी विचारलं, पण कशाला?

"ह्यो आला की जेवायला बसायचा," महेश्वरी म्हणाली.

रागवायला आलेल्या माणसाला राग कुठं ठेवावा ते कळेना झालं. साहेबांनी गोळी उचलली, वास घेतला, परत ठेवली. पृथ्वीराजनं तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं. त्याच्या तोंडावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता दुखावला होता. आपल्यावर माया करणारं माणूस आपल्याला फसवत होतं, हे कळल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

"नुसता फोन करायचा की, मावशी," तो म्हणाला. "जेवायला ये म्हणायचं."

"नुसत्या फोनवर आला आसतास?"

पोरगा सरळ होता. म्हणून तो हो म्हणाला नाही. खाली वाकला आणि एकेक स्क्रू परत बसवू लागला.

पृथ्वीराजची नोकरी वाचली. त्याला कोल्हापूरकडचा भाग दिला. महेश्वरीला बसवेशनं वर बोलावून घेतलं. आवाज चढवायचा त्याला संकोच वाटत होता, म्हणून तो सगळा वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी बोलत होता. वाटलं तर चिंचोळीला पाठवतो तुम्हाला, शिलाईच्या शेडमध्ये, असं त्यानं धमकीच्या सुरात सांगितलं. तिनं आशेनं मान वर केली. पण लगेच त्यालाच आठवलं की मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. मग शिक्षा म्हणून तीच खोली राहिली. वरच्या कोपऱ्यात एक कॅमेरा बसवला. मशीनलाही काहीतरी डबी जोडली. आता काही बिघडलं तर पुण्यात बसून दिसणार होतं, माणूस यायची गरज नव्हती.

गोदामात गोष्ट पसरली, पसरणारच. लोडर खिडकीतून हसायचे. कुणी म्हणायचं, अक्का, आमचा ट्रकबी बंद पाडा की, आम्हालाबी डबा मिळंल. एक-दोघांनी तेवढ्यापुरती चौकशी केली, जेवलात का वगैरे. ती झालं म्हणायची. झालं म्हटलं की लोक सुटतात. रत्नम्माला फोन केला तर शिलाईच्या मशीनांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. इथं सुई सोडून मान वर करायला मिळत नाही, एवढंच ती ओरडून म्हणाली. महेश्वरी जास्तीची भाकरी करतच राहिली. हात थांबत नाहीत हो. पीठ मळायला घेतलं की तेवढंच मळलं जायचं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि फिरून खंडेनवमी आली. बसवेशनं आदल्या दिवशीच बजावलं, अक्का, मशीनला काही लावायचं नाही. तिनं मशीनवर हात ठेवून नुसता नमस्कार केला आणि एक झेंडूचं फूल टेबलाच्या कडेला ठेवलं. कॅमेऱ्याकडे बघून तळवे उघडून दाखवले. मग दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर मशीन चालू केलं आणि दोन लेबलं निघाल्यावर ते कण्हल्यासारखा आवाज करून थांबलं. लाल दिवा. तिनं बंद करून परत चालू केलं. तेच. डबीतून पुण्याला काय दिसलं ते देव जाणे, तिकडून उत्तर आलं की जागेवर काहीतरी अडकलंय, बघून घ्या. बसवेश धावत आला आणि आधी मशीनकडे नाही, तिच्या बोटांकडे बघितलं.

"मी हात लावला न्हाय," ती म्हणाली.

तो कॅमेऱ्यातलं बघून येतो म्हणाला आणि वर गेला. चोराला चोर म्हणायला लोकांना एकदाचं निमित्त पुरतं, मग तो आयुष्यभर चोर. बाहेर ट्रक उभा होता, ड्रायव्हर विडी ओढत होता. मशीनच्या अंगावर जुना कागद चिकटवलेला होता, पट्टी बदलली तेव्हाचा. त्यावर पृथ्वीराजचं नाव आणि नंबर. नुसता फोन करायचा की, असं तो म्हणाला होता. इतके महिने तिनं केला नव्हता, कारण करण्यासारखं काही कारण नव्हतं. आता कारण होतं आणि तेच तिला नको होतं. लांडगा आला रे आला करून झालं होतं. आता खरा आला होता.

तरी तिनं नंबर लावला.

"मी महेश्वरी. सोलापूरची."

पलीकडे कुठल्यातरी कारखान्याची घरघर होती. मग तो म्हणाला, बोला की.

"मशीन बंद पडलंय, बाळा. या खेपंला मी काय केलेलं न्हाय."

ती थांबली. तो विचारणार, खरं ना? तिनं उत्तर तयार ठेवलं होतं, शपथसुद्धा.

"दिवा कंचा लागलाय?" त्यानं विचारलं. "नुसता लाल, का लाल-पिवळा?"

खरं ना, असं त्यानं विचारलंच नाही. वर कॅमेरा होता, गोदामभर तिच्यावर हसणारी माणसं होती, आणि ज्याला तिनं फसवलं होतं त्या एकानं तिचं बोलणं तसंच्या तसं खरं धरलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दिवा नीट दिसेना. नुसता लाल, ती म्हणाली.

मग तो सांगत गेला आणि ती करत गेली. झाकण उघडा. आता खालचा काळा रबरी रूळ बघा. त्याच्यावर काय गुंडाळलंय का? गुंडाळलं होतं. सुट्टीत एसी बंद, ऑक्टोबरचं ऊन, बंद खोली. लेबलाचा गोंद पाघळला होता आणि लेबल निघून रुळाभोवती घट्ट चिकटलं होतं. सुरी लावू नका हां, रबर कापंल, नखानं काढा, हळू. तिनं नखानं काढलं. फडक्यानं गोंद पुसला. तो मधेच कुणालातरी आलो आलो म्हणत होता, पण फोन सोडत नव्हता. शेवटी तिनं झाकण लावलं आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं आणि एक लेबल बाहेर आलं. स्वच्छ. एकही रेघ नाही.

"झालं का चालू?" त्याच्या बाजूला इतका आवाज होता की त्याला ऐकू आलं नसावं.

न्हाय म्हटलं असतं तर आणखी थोडा वेळ तो बोलत राहिला असता. हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला सांगू.

"झालं," ती म्हणाली. "चालू झालं."

"बरं झालं. ठेवतो मावशी, हितं लई गडबड हाय."

फोन बंद झाला. बसवेश जिना उतरून आला. कॅमेऱ्यात काही नव्हतं हे त्यानं बघितलं होतं, आणि मशीन चालू होतं हे आता दिसत होतं. तो ओशाळला, बरं बरं म्हणाला आणि ट्रकवाल्याला हाक मारायला गेला. महेश्वरी लेबलं गोळा करत राहिली. गठ्ठा झाला, लोडरनं झालं का विचारलं, तिनं झालं म्हणून दिला. जेवायची वेळ टळून गेली होती. तिनं डबा काढला, भाकऱ्यांकडे बघितलं आणि झाकण परत लावलं.

फोन वाजला. तिनं आधी मशीनकडे बघितलं. हिरवा दिवा, लेबलं नीट येत होती. काहीतरी सांगायचं राहिलं असेल, कुठला तरी स्क्रू, असं वाटून तिनं घाईनं फोन उचलला. काय राहिलं रे, विचारलं.

मशीनचं न्हाय काय, पृथ्वीराज म्हणाला. आता त्याच्या मागे आवाज नव्हता. कुठंतरी बाहेर येऊन उभा असावा. जरा घुटमळला आणि मग म्हणाला, पहिल्यासारख्याच चुकलेल्या हेलात:

"ऊटा आतेन, मावशी?"

एरवी ती झालं म्हणाली असती.

"न्हाय रे," ती म्हणाली. "एकटीला जात न्हाय."

"मग बसा की. मीबी वडापाव घेऊन बसलोय."

तिनं फोन डब्याला टेकवून उभा केला आणि भाकरी मोडली. शेजारी मशीन चालूच होतं.